हाड बसविताना सोनोग्राफी

पवनी-लाखांदूरकडील एखाद्या मुलाचे झाडावरून पडून मनगटाजवळचे हाड मोडले व सरकले, म्हणजे ते ओढून जागी बसविताना डॉक्टरांना बोटांच्या स्पर्शावर आणि पुनःपुन्हा काढलेल्या क्ष-किरण चित्रांवर विसंबावे लागते. परंतु सोनोग्राफीच्या श्राव्यातीत लहरी हाडाच्या कठीण पृष्ठभागावरून परावर्तित होत असल्यामुळे, मोडलेल्या टोकांमधील पायरी पडद्यावर तत्क्षणी दिसते, आणि ती नाहीशी झाल्याची खात्री, कोवळ्या शरीरावर क्ष-किरणांचा नवा मारा न करता, प्लास्टरपूर्वीच करून घेता येते. सांध्यात शिरलेल्या भंगाला मात्र क्ष-किरणच हवेत. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यान्वये हाडांसाठी वापरल्या जाणाऱ्या सोनोग्राफी यंत्राचीही सरकारदप्तरी नोंद करावी लागते, आणि ते सर्वथा योग्यच आहे. मूल असे पडल्यास दुखावलेला हात चोळू नये. फळीचा आधार देऊन मुलास तडक रुग्णालयात न्यावे.