तिजोरीची दुसरी किल्ली कोणाच्या हाती?

(वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सायबर सुरक्षा हा विषय आजच्या वर्गासाठी सुचविला गेला, तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. सोयाबीनचा भाव, पीककर्ज, रोजगार हे प्रश्न दारात उभे असताना संगणकांच्या सुरक्षिततेची चर्चा वाशीममध्ये कशाला, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. म्हणून आरंभ त्याच्या उत्तरानेच करतो.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते किसान सन्मान निधीचा १८ वा हप्ता सोडण्यात आला. देशभरातील सुमारे ९ कोटी ४० लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत २० हजार कोटी रुपये जमा झाल्याचे जाहीर झाले. एवढ्या पैशासाठी एकही नोट मोजावी लागली नाही. रिसोडच्या शेतकऱ्याचे दोन हजार रुपये म्हणजे कुठल्या तरी यंत्रातील एक नोंद होय. ती नोंद ज्याच्या ताब्यात, पैसा त्याच्या ताब्यात. म्हणून हा विषय शहरी चैनीचा नव्हे, गरिबाच्या गाठीचा आहे.

जुन्या बँकेची तिजोरी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तिला दोन किल्ल्या असत. एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. एकट्याला ती उघडता येत नसे. हे कुलूप बनविणाऱ्याचे कौशल्य नव्हते. ती एक सामाजिक व्यवस्था होती. कोणाही एकावर पूर्ण विसंबू नये, हे शहाणपण तिच्यात होते. तिजोरी संगणकात गेली, तेव्हा ही दुसरी किल्ली कोठे गेली, हा माझा आजचा प्रश्न आहे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण घ्या. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातील दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी काही तासांत, बनावट कार्डांच्या साहाय्याने, २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये व भारतातील एटीएममधून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ तारखेस, आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या मार्गाने आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे घडले कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे. एटीएममध्ये कार्ड घातले की ‘या खात्यात पैसे आहेत काय?’ ही विचारणा बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते आणि तेथून होकार आला तरच यंत्र नोटा देते. चोरांनी या वाटेवर आपला तोतया उभा केला. विचारणा मुख्य संगणकापर्यंत पोहोचलीच नाही. तोतयाच होकार देत राहिला. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असे बँकेने सांगितले व ते खरे होते. पैसा बँकेचा गेला. परंतु सहकारी बँकेचा पैसा म्हणजे अखेर सभासदांचाच पैसा. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले.

याच्या दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर असाच घाला पडला होता. तेथेही साप्ताहिक सुट्टीचा मुहूर्त साधण्यात आला. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये गेले. मात्र श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर वाचले, कारण एका संस्थेच्या नावातील इंग्रजी ‘फाउंडेशन’ हा शब्द चोरांनी चुकीचा लिहिला होता, आणि मधल्या बँकेने त्याबद्दल खुलासा मागितला. कोट्यवधी डॉलरचे रक्षण एका खुलाशाने केले. शंका घेणारा जागा माणूस, हीच ती दुसरी किल्ली होय.

पण चोर नेहमी बाहेरूनच येतो असे मानू नका. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत एकाच बांधकाम समूहाची बुडीत कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखविण्यात आली. संगणकाने ती निमूटपणे स्वीकारली. त्याला वर बसलेल्यांची आज्ञाच कळते. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी आपल्याच खात्यातून केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. तेव्हा सुरक्षिततेचा प्रश्न हा केवळ यंत्राचा नाही. यंत्रावर हुकूम कोणाचा चालतो व त्या हुकमाला जाब कोण विचारतो, हा तो प्रश्न आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे गावची सोसायटीही आता संगणकावर येत आहे. मी याचे स्वागत करतो. गटसचिवाच्या वहीतील खाडाखोडीने किती कुटुंबे नाडली गेली, हे आपण जाणतो. हिशेब स्वच्छ व्हावा, ही आपलीच मागणी होती. पण वही कपाटात होती तोवर ती चोरायला गावात यावे लागे; आता ते बंधन राहणार नाही.

आणखी एक गोष्ट. लहान बँकांना स्वतःची संगणकव्यवस्था परवडत नाही. त्या ती बाहेरच्या कंपनीकडून घेतात. जुलै २०२४ च्या अखेरीस अशा एका पुरवठादारावर खंडणीचा हल्ला झाला आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. ‘ते काम आम्ही कंपनीकडे दिले आहे’ असे म्हणणाऱ्या संचालकाने हे ध्यानात ठेवावे. काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही. कारंजातील अडत्या, डाळमिलचा मालक किंवा बचतगटाचा हिशेब ठेवणारी भगिनी यांनाही हेच लागू आहे.

कॉसमॉसच्या घटनेनंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना संचालक मंडळाने मंजूर केलेले सायबर सुरक्षा धोरण करण्यास सांगितले. सांगितले तंत्रज्ञाला नव्हे, मंडळाला, हे महत्त्वाचे. आणि मंडळाला जाब विचारण्याचा हक्क कोणाचा? सभासदाचा. खाजगी कंपनीत हा हक्क भांडवलाच्या प्रमाणात मिळतो. सहकारात माणशी एक मत आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत आपल्या सोसायट्यांच्या व बँकांच्या आमसभा होतात. तेथे चहा-नाश्त्यानंतर हात वर करून उठू नका. चार प्रश्न विचारा. मोठी रक्कम बाहेर जाताना दोन वेगवेगळ्या माणसांची संमती लागते काय? सुट्टीच्या दिवशी व्यवहारांवर कोणाची नजर असते? नोंदींची प्रत अन्यत्र जपून ठेवली आहे काय, आणि ती पुन्हा चालू करून कधी पाहिली? पुरवठादार कंपनीशी केलेल्या करारात नुकसानीची जबाबदारी कोणावर आहे? ही चार उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या.

दुसरे काम गावात आहे. एखाद्या म्हातारीच्या खात्यातून पैसे गेले की सारे तिलाच दोष देतात, ‘अंगठा का दिला, ओटीपी का सांगितला?’ ती लाजेने गप्प बसते आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. तिच्याबरोबर त्याच दिवशी बँकेत जा, लेखी तक्रार देऊन पोच घ्या, १९३० या क्रमांकावर कळवा. येथे तासांना किंमत आहे.

आपण यंत्राचे शत्रू नाही. यंत्र आले म्हणून माणसाची पाळत सुटावी, हे मात्र आपण मान्य करता कामा नये. तिजोरीची एक किल्ली मंडळाकडे राहू द्या. दुसरी सभासदांची आहे, ती मागून घ्या.