तिची संमती कोणी सांगायची?

(छत्रपती संभाजीनगर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आरोग्याच्या सत्रात बोलायला सांगितलं, तेव्हा एकाच बाईची गोष्ट सांगायची असं मी ठरवलं. तिचं नाव, गाव सांगणार नाही.

ती जन्मापासून कर्णबधिर. निवासी शाळेत शिकली, तिथे मुलींच्यात खुणांची भाषा शिकली. लग्न मात्र ऐकणाऱ्या घरात झालं. तिथे ‘जेव’, ‘ये’, ‘झोप’ एवढ्याच खुणा. मुलगी झाली, आणि त्यानंतर पाळीत फार रक्त जायला लागलं. घरचे हातानेच ‘काही नाही’ म्हणत. तिने मनाशी ठरवून टाकलं की आपल्याला कॅन्सर झाला आहे, आपण मरणार, आणि लेक पोरकी होणार. दीड वर्ष ती हे मनात घेऊन जगली.

शाळेतल्या एका मैत्रिणीने तिला आमच्या केंद्रावर आणलं. सोनोग्राफी केली तर आत तांबी. बाळंतपणातच बसवलेली. जुने कागद काढले, त्यावर नवऱ्याची सही. सासूला विचारलं तर म्हणाली, “डॉक्टरांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. हिला काय कळतंय?”

मी माझ्या मोडक्यातोडक्या खुणांनी तिला सांगितलं. तिने पोटावर हात ठेवला आणि विचारलं, “माझ्या आत? कोणी?”

डॉक्टर दुष्ट होते, असं मी म्हणत नाही. बाहेर बायकांची रांग असते, समोरची बोलत नाही, बरोबरची सासू बोलते. डॉक्टर सासूशी बोलतात. काम उरकतं. पण ‘हो’ कोणाचं झालं? सासूचं. शरीर कोणाचं? सुनेचं.

लोक म्हणतात, घरचं माणूस आहे ना सांगायला! मैत्रिणींनो, मार खाल्लेल्या बाईशी आपण नवऱ्यासमोर बोलतो का? त्याला बाहेर बसवतो. मग कर्णबधिर बाईने, नवरा मारतो हे नवऱ्याच्याच तोंडून डॉक्टरांना सांगायचं? काही घरांत दहा वर्षांचा मुलगा आईची पाळी डॉक्टरांना समजावून सांगतो. आईलाही लाज, मुलालाही. मग निम्मं सांगायचंच राहतं.

दुसरं म्हणतात, ओठ वाचता येतात ना? आरशासमोर ‘पोट’ म्हणा, मग ‘बोट’ म्हणा. ओठ सारखेच हलतात. त्यात डॉक्टरांच्या तोंडावर मास्क. आणि लिहून द्यावं, तर अनेकींना शाळेत भाषाच नीट मिळालेली नसते. मराठी वाक्य त्यांच्यासाठी परक्या भाषेतलं असतं. सही करता येते म्हणजे मजकूर समजला, असं होत नाही.

संमतीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा स्त्री संघटना रस्त्यावर आल्या होत्या. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की, सज्ञान बाई भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढणं बेकायदा आहे. भुलीखालच्या बाईबद्दल जर असं असेल, तर जागी, शहाणी, समोर बसलेली बाई केवळ ऐकू येत नाही म्हणून कशी वगळता येईल?

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यातलं कलम १० कुटुंब नियोजनाची योग्य माहिती मिळण्याबद्दल आहे. कलम २५ सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयं अडथळाविरहित करायला सांगतं. अडथळा म्हटलं की आपल्याला पायऱ्या आणि रॅम्प आठवतो. पण कायद्याच्या व्याख्येत संवादातला अडथळाही आहे. हे शब्द पाठ करून ठेवा, उपयोगी पडतील. बलात्काराची तक्रार घेताना दिव्यांग बाईसाठी दुभाषी असावा, हे २०१३ च्या दुरुस्तीपासून कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे अत्याचारानंतर दुभाषी आहे, पण बाळंतपणाच्या टेबलावर दुभाष्याचं नाव घेऊन लिहिलेलं काही नाही.

कॅनडातल्या एका कर्णबधिर बाईला वेळेआधी जुळं झालं. दुभाषी नव्हता. एका बाळाचे ठोके कमी झालेत, एवढं नर्सने हातवाऱ्यांनी सांगितलं. जन्मल्याबरोबर बाळं उचलून नेली, आणि ‘ठीक आहेत’ अशी चिठ्ठी तिच्या हातात दिली. ती आणि इतर कर्णबधिर रुग्ण कोर्टात गेले. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एल्ड्रिज खटल्यात निकाल दिला की, रुग्णालयात सांकेतिक भाषेचा दुभाषी न देणं हा समानतेच्या हक्काचा भंग आहे. दुभाषी म्हणजे वरची सवलत नव्हे, त्याच्याशिवाय उपचारच पुरा होत नाही.

आपल्याकडे प्रशिक्षित दुभाषी थोडे, हे खरं. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा केंद्र आणि मुंबईची अली यावर जंग संस्था अभ्यासक्रम चालवतात, पण तालुक्यापर्यंत माणूस पोहोचत नाही. तरी व्हिडिओ कॉल आहे. या बायका एकमेकींशी रोज त्यावरच बोलतात. रुग्णालयाला तो का जमू नये?

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. केसपेपरवरच नोंद व्हावी : ‘कर्णबधिर, सांकेतिक भाषा’. दुभाषी रुग्णालयाने बोलवावा, खर्च बाईवर नको. बाळंतपणात आणि अंतर्तपासणीत दुभाषी बाईच असावी. तिने तिच्या वतीने उत्तर देऊ नये आणि ऐकलेलं बाहेर सांगू नये, कारण कर्णबधिरांचं जग लहान असतं, सगळे एकमेकांना ओळखतात. आणि तिला तिच्या भाषेत समजावल्याशिवाय सहीचा कागद पुढे सरकू नये.

आता आपल्याबद्दल. मी एम.एस.डब्ल्यू. केलं, पण दोन वर्षांत खुणांच्या भाषेचा एक तासही झाला नाही. आणि आज या मांडवात एकही कर्णबधिर बाई नाही. आपण त्यांना बोलावलंच नाही. पुढच्या शिबिराला त्या हव्यात, दुभाषीसह. मागण्याही त्यांनीच दुरुस्त कराव्यात.

त्या बाईला आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. दुभाषी बाई फोनवर होती, सासू बाहेर बसली. दोघींचं वीस मिनिटं बोलणं चाललं. हा कॅन्सर नाही हे कळल्यावर ती रडली. मग तिने तांबी काढून घेतली, सगळे उपाय समजून घेतले आणि स्वतःहून गोळ्या निवडल्या. लगेच दुसरं मूल तिलाही नकोच होतं. तिला कोणी विचारलं असतं, तर तिने तेव्हाच सांगितलं असतं.