चढ आणि एक ठिकाण

मी कवी माणूस. शाळा सुटली तशी गणिताची संगतही सुटली आणि मी बी. ए.ला गेलो. त्यामुळे अकरावीतली भाची वही घेऊन पुण्यातल्या आमच्या घरी आली आणि म्हणाली, "मामू, चढ दिलाय, एक बिंदू दिलाय, रेषेचं समीकरण काढायचंय," तेव्हा मी चष्मा शोधू लागलो. पण ती पुढे म्हणाली, "हेही जमलं नाही, तर मी सायन्स सोडते." मग मात्र बसावेच लागले.

मला अब्बा आठवले. ते बोरघाटात रेल्वेच्या रुळांवर काम करीत. १८६३ साली सुरू झालेल्या या मार्गावरचा सर्वांत खडा चढ सदतिसात एक. म्हणजे ३७ मीटर पुढे जावे, तेव्हा एक मीटर वर जातो. एवढ्याशा चढासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावतात. अब्बा सांगत, "चढ पाटीवर लिहिलेला असतो, आपण कुठे उभे आहोत, ते आपल्याला ठाऊक पाहिजे."

भाचीला म्हटले, नुसता चढ कळून उंची कळेल का? नाही. त्याच चढाच्या, एकमेकींना समांतर अशा असंख्य रेषा काढता येतात. पण समज, एका खांबापाशी उंची ३०० मीटर आहे. तोच चढ कायम राहिला, तर ७४ मीटर पुढे ती ३०२ होणार. एका ठिकाणाने सगळी वाट पक्की झाली.

आता वहीतले गणित. चढ २, बिंदू (३, ५). रेषेवरचा दुसरा कोणताही बिंदू (क्ष, य) घ्या. वर किती गेलो? य − ५. पुढे किती गेलो? क्ष − ३. पहिल्याला दुसऱ्याने भागले की चढ, म्हणजे २. म्हणून य − ५ = २(क्ष − ३). कंस सोडवला की य = २क्ष − १.

भाचीने ३ आणि ५ची अदलाबदल केली होती. तिच्या समीकरणात क्षच्या जागी ३ घातले, तर य निघाला उणे १. हवा होता ५. चढ बरोबर, पण रेषा भलत्याच गावाला गेलेली! दिलेला बिंदू शेवटी समीकरणात घालून पाहावा. चूक तिथेच सापडते.

तिने खोडून पुन्हा लिहिले, ताळा केला. सायन्सचे नाव मी काढले नाही, तिनेही नाही. पान उलटून तिने विचारले, "मामू, चढ उणे असला तर?"

म्हटले, "मग लोणावळ्याहून कर्जतला उतरायचं. रीत तीच."