स्वस्त दुकान आणि आपले दुकान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘परदेशात काय पाहिलेत ते सांगा,’ अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. राजवाड्यांविषयी आणि पुलांविषयी पुष्कळांनी सांगितले आहे. मी सांगणार आहे वाणसामानाविषयी. कारण हातात पिशवी घेतल्यावाचून बाईमाणसाला परका देश कळत नाही!

लेकीकडे जर्मनीत गेले होते, तेव्हा एका स्वस्त दुकानात जाण्याचा योग आला. माल खोक्यांतच मांडलेला. गाडी हवी तर आधी नाणे घालावयाचे. गल्ल्यावरच्या बाई वस्तू इतक्या भराभर सरकवीत होत्या, की पिशवी भरता भरता माझी त्रेधा उडाली. ‘कशा आहात?’ एवढेही कोणी विचारले नाही. मला वाटले, येथे गरीबगुरीबच येत असतील. लेक हसून म्हणाली, ‘‘आई, तुझ्यामागे उभे आहेत ना, ते आमचे डॉक्टर!’’ स्वस्त घेण्यात तेथे कमीपणा नाही. अशा दुकानांत ‘आल्डी’चे नाव मोठे. एसेन शहरात १९१३ साली आल्ब्रेख्त कुटुंबाने काढलेले एक लहानसे दुकान पुढे दोघा मुलांनी एवढे वाढविले.

अमेरिकेतील ‘वॉलमार्ट’ १९६२ साली आर्कान्सा राज्यात निघाले. तेही स्वस्ताईवरच वाढले. पण रीत निराळी. दाराशी हसतमुखाने स्वागत, आणि सामान पिशवीत भरून द्यावयास माणूस. १९९७ साली ते हीच रीत घेऊन जर्मनीत गेले. तेथल्या गिऱ्हाइकांना ते अनोळखी हसू अवघड वाटले, आणि स्वस्ताईत तर तेथील दुकाने आधीच पुढे होती. शेवटी २००६ साली आपली ८५ दुकाने विकून वॉलमार्टने काढता पाय घेतला.

खुद्द अमेरिकेतही सगळे खूष होते असे नाही. लहान गावांच्या बाजारपेठा ओस पडतील या धास्तीने व्हरमाँट राज्यात मोठा विरोध झाला. तेथे पहिले वॉलमार्ट निघावयास १९९५ साल उजाडले.

आपल्याकडे २००२ साली पवईला डी-मार्टचे पहिले दुकान निघाले. आता आपण अशा दुकानांत मुलाबाळांसह जत्रेला जावे तशा जातो. मीही जाते. पण परवा परत येताना कोपऱ्यावरच्या आमच्या वाण्याच्या दुकानापुढून मी ती पिशवी पदराआड धरून निघाले! यजमानांच्या आजारपणात या गृहस्थांनी सहा महिने वहीवर माल दिला होता. एकदाही तगादा लावला नाही. त्या जर्मन डॉक्टरांना पिशवी लपवावी लागत नाही. त्यांचा हिशेब गल्ल्यावरच संपतो. माझा संपत नाही.

मोठ्या दुकानात जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. वाचलेला पैसा मुलांच्या दुधालाच लागतो. मात्र भाव ताडून पाहताना ती वहीही जमेस धरावी. मी आता गूळ, तेल आणि डाळी वाण्याकडूनच घेते. चार पैसे अधिक पडतात. ते मी त्या सहा महिन्यांचे व्याज समजते.