सोन्याला गंज का चढत नाही?

नाशिकचा सराफ बाजार आणि भांडी बाजार गोदावरीला इतके लागून आहेत, की दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं की दुकानदार माल वर हलवायला लागतात. २००८च्या सप्टेंबरमध्ये आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी या बाजारांत शिरलं होतं. चिखलातून काढलेलं सोनं धुतलं की पुन्हा पहिल्यासारखं. चांदी काळवंडते, पण उजाळा दिला की चमकते. तांब्याचं भांडं मात्र डागाळतं आणि ओलं राहिलं तर हिरवं जंगाल धरतं. हे तिन्ही धातू पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात आहेत, त्यामुळे या फरकाचं आपल्याला काही वाटत नाही. माझ्या भाचीला मात्र वाटलं.

ती अकरावीला, विज्ञान शाखेत शिकते. तिच्या पुस्तकात आवर्तसारणीचा एक नियम आहे. उभ्या रांगेत, म्हणजे एका गणात, वरून खाली जावं तसा धातू अधिक क्रियाशील होत जातो. पाण्यात टाकलं तर लिथियम नुसतं फसफसतं, सोडियम वितळून पाण्यावर धावत सुटतं, पोटॅशियम पेट घेतं आणि सीझियमचा स्फोटच होतो. ती म्हणाली, ‘‘मामू, तांबं, चांदी, सोनं हेही एकाच गणात आहेत. मग सगळ्यात खालचं सोनं सगळ्यात आधी गंजायला हवं. इथे नियम उलटा का?’’ वर्गात तिला उत्तर मिळालं होतं, हे परीक्षेला येत नाही, अपवाद म्हणून पाठ कर.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण ‘अपवाद’ हा शब्द मला खटकला. एखाद्याला अपवाद म्हटलं की त्याची चौकशी करण्याची आपली जबाबदारी संपते. तेव्हा रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांकडे आम्ही दोघं गेलो. तिथे जे समजलं ते सांगतो.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्यात धन भाराचे प्रोटॉन. भोवतीच्या कवचांत ऋण भाराचे इलेक्ट्रॉन. धातू गंजतो म्हणजे त्याचे अणू बाहेरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देऊन टाकतात. पोटॅशियमचे १९ इलेक्ट्रॉन २, ८, ८, १ असे बसलेले असतात. तांब्याचे २९ इलेक्ट्रॉन २, ८, १८, १ असे. दोघांच्याही चौथ्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचात एकेकच इलेक्ट्रॉन. तरी पोटॅशियम पाण्याला लागताच पेटतं आणि तांब्याच्या घागरीत आपण रात्रभर पाणी भरून ठेवतो!

फरक आहे तो आतला. तांब्याच्या केंद्रकात दहा प्रोटॉन जास्त आहेत, त्यामुळे ओढ वाढते. आतले इलेक्ट्रॉन ही ओढ पडद्यासारखी अडवतात, पण तांब्यातले ते जादा दहा इलेक्ट्रॉन ज्या उपकवचात बसतात, त्याचा पडदा विरळ असतो. म्हणून बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला पोटॅशियमच्या बाबतीत ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, तर तांब्याच्या बाबतीत ७.७. चांदीला ७.६ लागते, म्हणजे साधारण तेवढीच. पण तांबं एकावर न थांबता दुसराही इलेक्ट्रॉन देऊन बसतं, चांदी सहसा देत नाही. सोन्याला तर ९.२ लागते.

सोन्याची गोष्ट आणखी न्यारी. चांदीच्या आणि सोन्याच्या ओळीमध्ये चौदा जास्तीची मूलद्रव्यं येतात आणि त्यांच्याबरोबर जो पडदा येतो तो आणखीच विरळ. केंद्रक सगळ्या इलेक्ट्रॉनांना आत खेचून धरतं. त्यामुळे चांदीत ४७ आणि सोन्यात ७९ प्रोटॉन असूनही दोघांचे अणू जवळजवळ एकाच आकाराचे आहेत. याचा पुरावा सराफाच्या तराजूत मिळतो. सोन्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा १.८ पट जड, आणि सोन्याची घनता चांदीच्या घनतेच्या (१९.३ विरुद्ध १०.५) तीही १.८ पट. अणू सारख्याच आकाराचे आणि सारखेच रचलेले, म्हणून हा हिशेब जुळतो. म्हणूनच हे दोन धातू हव्या त्या प्रमाणात एकजीव होतात.

आणि रंग? सोन्याच्या अणूतले सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. त्यामुळे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम होऊन कवचांमधली अंतरं बदलतात, सोनं निळा प्रकाश शोषतं आणि आपल्याला पिवळं दिसतं. तो परिणाम नसता, तर सोनं चांदीसारखंच पांढरं दिसलं असतं.

भाचीचा गोंधळ तसा जुन्या घराण्यातला आहे. मेंडेलीव्हने १८७१च्या तक्त्यात तांबं, चांदी, सोनं हे सोडियम-पोटॅशियमच्याच पहिल्या गणात मांडले होते. आज सोडियम पहिल्या गणात आणि सोनं अकराव्यात आहे. म्हणजे ‘खाली जावं तसा धातू तापट’ हा पहिल्या गणाचा नियम. तो सगळ्या रांगांना लावायचा नसतो. सोनं अपवाद नाही. केंद्रकाची ओढ आणि पडद्याची जाडी हा एकच हिशेब दोन्हीकडे चालतो, फक्त उत्तर वेगळं येतं.

तांब्याचा हा स्वभाव आपल्या आयाबायांना तक्त्याशिवाय ठाऊक होता. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते ‘कळकतं’, हा शब्द त्यांचाच. शेजारच्या काकूंची पितळी पातेली आणि आमच्या घरची तांब्याची देग एकाच कल्हईवाल्याकडे जायची. तो भाता मारून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथील फिरवायचा. कथील काही तांब्याहून शांत धातू नाही, पण आंबटाचा त्याच्यावर परिणाम हळू होतो आणि जेवणात उतरलेला अंश तांब्यासारखा बाधत नाही. स्टील आलं, देग मोडीत गेली, आता कल्हईवाला शोधावा लागतो. त्याच्याबरोबर मुलांच्या डोळ्यांसमोरची एक प्रयोगशाळाही गेली.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना एवढंच सांगणं आहे. मूल असा प्रश्न घेऊन आलं, तर ‘पाठ कर’ म्हणून त्याला परत पाठवू नका. उत्तर येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे त्याला घेऊन जा. पुढच्या वेळी पुस्तकातलं न पटलेलं वाक्य ते तुम्हाला दाखवेल की गुपचूप पाठ करेल, हे त्यावर ठरतं.