मार्साबितच्या विहिरी

(ज्युबिली-सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं वक्त्यानें मागील पिढ्यांची स्तुति करावी, असा प्रघात आहे. ती स्तुति इतर वक्त्यांनीं यथायोग्य केली आहे. म्हणून आम्ही आज एक दूरचा विषय घेतों. हल्लीं सुशिक्षितांच्या तोंडीं एक मत वारंवार ऐकूं येतें: पृथ्वी तापत आहे, पाणी कमी होणार, आणि मग पाण्यासाठीं माणूस माणसाचा गळा कापणार. जणूं काय हा निसर्गाचा नियमच! हें खरें असेल, तर शेजाऱ्यावर प्रीति करण्याची प्रभूची आज्ञा केवळ सुकाळापुरती उरेल. म्हणून या मताची पारख करणें आपणां ख्रिस्ती जनांस अगत्याचें आहे.

या मताला विद्यापीठांतूनही आधार मिळाला होता. २००९ सालीं अमेरिकेंतील कांहीं विद्वानांनीं आफ्रिकेंतील यादवी युद्धें आणि उष्णतामान यांचा मेळ घालून, उष्ण वर्षीं युद्धाचा संभव वाढतो असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं ऑस्लो येथील शांतता-संशोधन संस्थेचे हाल्वार्द बूहाउग यांनीं उत्तर दिलें कीं, हिशेबाची रीत बदलली असतां हा संबंध टिकत नाहीं. दारिद्र्य आणि कांहीं जमातींना सत्तेबाहेर ठेवणें, यांत कारणें शोधावीं. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. आम्हांस ही आंकड्यांची लढाई फारशी मोहवीत नाहीं. अवघ्या खंडाची सरासरी काढली म्हणजे एकाही गांवाचें तोंड दिसत नाहीं!

एका मुलखाचें तोंड दाखविणारें संशोधन कारेन विट्सेनबर्ग आणि वारिओ अदानो या दोघांचें आहे. केनिया देशाच्या उत्तरेस, रखरखीत प्रदेशांत, मार्साबित नांवाचा वनाच्छादित डोंगर आहे. त्याच्या आसमंतांत बोराना, गाब्रा, रेंदिले, सांबुरू या गुरें व उंट पाळणाऱ्या जमाती राहतात. एकमेकांचीं जनावरें लुटून नेणें आणि त्या झटापटींत माणसें मारलीं जाणें, हें तेथील जुनें दुखणें. या दोघांनीं लुटालुटीच्या नोंदी आणि पावसाच्या नोंदी शेजारीं शेजारीं मांडल्या आणि २००९ सालीं फळ प्रसिद्ध केलें. तें अपेक्षेच्या अगदीं उलट निघालें. हत्या आणि लूट अवर्षणांत नव्हे, तर चांगल्या पावसाच्या वर्षीं अधिक!

विचार केला असतां यांत नवल नाहीं. पाऊस पडला कीं गवत उंच वाढतें, त्यांत दबा धरतां येतो. जनावरें धष्टपुष्ट असतात, तीं लांबवर हाकून नेतां येतात. वाटेंत जागोजागीं पाणी असतें आणि तरुणांना सवड असते. अवर्षणांत जनावरें दुबळीं, माणसें रात्रंदिवस विहिरीवर राबत असलेलीं. आणि ज्याला उद्यां शेजाऱ्याच्या विहिरीवर जावयाचें आहे तो आज त्याच्याशीं तंटा मिटवितो. उत्पत्तीच्या पुस्तकांत अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांचें भांडण आठवा. तें कळप फार वाढले म्हणून जुंपलें. शास्त्रांतील ही गोष्ट आम्हीं कितीदां तरी वाचून दाखविली असेल. परंतु तिच्यांतील हा बारकावा आम्हांस मार्साबितच्या आंकड्यांनीं दाखविला.

मात्र हा समेट आपोआप होत नाहीं. बोराना लोकांच्या खोल विहिरींवर माणसांची साखळी उभी राहते आणि गाणीं म्हणत पाणी हातोहात वर चढविते. प्रत्येक विहीर एका कुळाची असते, आणि कोणाचीं जनावरें केव्हां पाणी पितील हें ठरविणारा एक मनुष्य नेमलेला असतो. त्याला 'अब्बा हेरेगा', म्हणजे पाळीचा बाप, असें म्हणतात. आपल्या खानदेशांतील फड पद्धतींत पाटकऱ्याचें जें काम, तेंच बहुतेक याचें. पाणी विकलें जात नाहीं. रागापेक्षां जुनी अशी ही व्यवस्था आहे. ती जेथें उभी आहे तेथें तहानेनें माणसें जवळ येतात.

ती मोडतेही. १२ जुलै २००५ रोजीं पहाटे मार्साबितच्या मुलखांतील तुर्बी या गाब्रांच्या गांवावर हल्ला झाला आणि पन्नासाहून अधिक माणसें मारलीं गेलीं. त्यांत शाळेंतील लेंकरें होतीं. पुढल्या वर्षीं, १० एप्रिल रोजीं, समेटासाठीं निघालेल्या पुढाऱ्यांचें विमान मार्साबितजवळ कोसळून १४ जण मृत्यु पावले. त्यांत अँग्लिकन बिशप विल्यम वाको हेही होते. एवढें झाल्यावरही २००९ सालीं गाब्रा आणि बोराना यांनीं मायकोना व वाल्दा येथें करार केला, आणि गुरें चोरणाऱ्यास व माणूस मारणाऱ्यास दंड ठरविला. आम्हांस हा करार कोणत्याही प्रबंधापेक्षां मोठा वाटतो.

तरी कोणी निश्चिंत होऊं नये. २०२० च्या अखेरीपासून त्या भागांत लागोपाठ पांच पावसाळे हुकले आणि लक्षावधि जनावरें मेलीं. मनुष्यानें केलेल्या तापमानवाढीमुळें असें अवर्षण सुमारें शंभर पटींनीं अधिक संभवनीय झालें, असा शास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं हिशेब मांडला. पाळीचा बाप पाळी लावील. आटलेल्या विहिरींत पाणी कोठून आणील? आणि ज्या धुरानें हें आरंभिलें तो त्याच्या देशांतून फारसा निघालेला नाहीं. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकांत शुद्ध पाणी हा प्रत्येक मनुष्याचा हक्क म्हटला, तो अशाच लोकांकडे पाहून.

मार्साबितचा कॅथोलिक धर्मप्रांत १९६४ सालीं स्थापन झाला. ज्युबिलीच्या समारोपाच्या पवित्र मिस्सांत तेथील भाविकांसाठीं आणि त्यांच्या गैरख्रिस्ती शेजाऱ्यांसाठीं एक प्रार्थना ठेविली आहे. त्या वेळीं आपण सर्वांनीं तिला मनापासून साथ द्यावी, ही विनंति.