फटफटीला मोटारीचा टायर



कवीला रेडिओवर बोलावलं की तो पावसावर बोलेल, समुद्रावर बोलेल, फार तर आईवर बोलेल, अशी लोकांची अपेक्षा असते. मी आज टायरवर बोलणार आहे. पाऊस त्यात येईलच. आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात पावसाला वगळून कशावरही बोलता येत नाही.

माझा भाचा तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पाळीवर कामाला आहे. त्याने कर्ज काढून साडेसहाशे सीसीची एन्फील्ड घेतली. आमच्या लहानपणी अशा गाडीला सरसकट फटफटी म्हणत. त्याच्यासमोर तो शब्द काढला की त्याचं तोंड उतरतं. तो आणि त्याची बायको या गाडीवरून लडाखला जायचं म्हणतात. मस्तान नाक्याला हायवेवर चढलं की तोच रस्ता पुढे थेट दिल्लीपर्यंत जातो, एवढा आमच्या गावाचा आणि हिमालयाचा संबंध. जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटर तरी होणार. निघण्याआधी मागचा टायर बदलायला हवा होता, कारण तो मधोमध गोटा झाला होता.

एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, मागे कारचाच टायर टाकला तर? चाक सोळा इंची आहे, कारचे टायरही सोळा इंची मिळतात. बाइकचा टायर दहा-पंधरा हजारात संपतो, कारचा चाळीस-पन्नास हजार चालतो. अमेरिकेत लोक टाकतात."

मी आधी हसलो. पण त्याने मोबाइलवर दाखवलं आणि ते खरंच होतं. होंडाची गोल्डविंग नावाची लांबच्या प्रवासाची एक प्रचंड फटफटी आहे. अठराशे सीसी, सहा सिलिंडर, वजन साडेतीनशे किलोंच्या वर. तिच्यावर नवरा-बायको सामानसुमान घेऊन महिना महिना फिरतात. सरळसोट, मैलोगणती न वळणारे रस्ते. त्यावर मागचा टायर मधोमध घासून सपाट होतो आणि प्रवासाच्या ऐन मध्यावर बदलायची पाळी येते. मग काही लोक मागच्या चाकावर मोटारीचा टायर चढवतात. या प्रकाराला ते 'डार्क साइड' म्हणतात, म्हणजे काळ्या बाजूला जाणं. 'स्टार वॉर्स' सिनेमातला शब्द आहे. नावातच गंमत आणि गुन्हा दोन्ही आहे. मोटरसायकल बनवणारे आणि टायर बनवणारे दोघेही 'हे करू नका' म्हणून सांगतात आणि हे लोक 'आम्ही हजारो मैल फिरलो, काही झालं नाही' म्हणून सांगतात. ते खोटं बोलतात असं मला वाटत नाही. सरळ रस्त्यावर काही होत नसेलही.

शिवाय अशा खटपटीला हसण्याचा हक्क आपल्याला नाही. आपल्याकडे टायर मरतच नाही. सातपाटीला जा, होड्यांच्या कडेला जुने टायर बांधलेले दिसतील. गावात बैलगाडीला रबरी चाकं आली आणि ती 'डनलॉप गाडी' झाली. टायरच्या चपला वापरलेले हात वर करा म्हटलं तर माझ्या वयाच्या अर्ध्या सभेचे हात वर होतील. तेव्हा भाच्याला मी लगेच नाही म्हटलं नाही. आम्ही दोघं हायवेवरच्या एका पंक्चरवाल्याकडे गेलो.

हा गृहस्थ केरळचा. तीस वर्षं इथे काढली आहेत, मराठी माझ्यापेक्षा रोखठोक. त्याने ऐकून घेतलं, बाजूच्या टपरीवर तीन कटिंग सांगितले आणि चहा संपल्यावर कागदी कप बाकड्यावर आडवा ठेवून बोटाने ढकलला. कप सरळ गेला नाही. तळाकडची बाजू अरुंद, तोंडाकडची रुंद, म्हणून तो गोल फिरला. मग त्याने खिशातलं नाणं उभं करून सोडलं. थोडं सरळ गेलं आणि ज्या बाजूला कललं त्या बाजूला वळलं.

"दुचाकी अशी वळते," तो म्हणाला.

मोटार वळते ती पुढची चाकं फिरवून. अंग मात्र सरळ ठेवते. दुचाकी वळते ती कलून. हँडलचं काम असतं, पण मुख्य काम कलण्याचं. साधा हिशेब आहे: ताशी ४० किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं, तर गाडी सुमारे ३२ अंश कलावी लागते. म्हणून दुचाकीचा टायर दोनदा गोल असतो. एकदा चाकासारखा गोल, आणि दुसऱ्यांदा आडवा कापला तर वाटीच्या पाठीसारखा गोल. गाडी कितीही कलली तरी त्याचा कुठला तरी भाग नीट टेकलेला राहतो, आणि कलला की तो त्या कागदी कपासारखा आपणहून वळणाकडे जातो. मोटारीचा टायर आडवा कापला तर पाटासारखा सपाट. त्याला कलायचंच नसतं. त्याला बळेबळे कलवला की तो एका काठावर उभा राहतो, दुसरा काठ उचलू पाहतो आणि गाडीला परत सरळ उभी करायला बघतो. वळणभर हँडल दाबून धरावं लागतं. रस्त्यात लांबट चर असला, डांबराचा उंचवटा असला, तर सपाट टायर त्याच्या मागे जातो.

नंतर त्याने रिम दाखवली. टायरच्या काठात पोलादी तारेचं कडं असतं, ते रिमच्या खोबणीत घट्ट बसावं लागतं. मोटारीच्या आणि मोटरसायकलच्या रिमची ही खोबण वेगवेगळ्या घडणीची असते. इंच सारखे म्हणजे माप सारखं नव्हे. सोळा इंची मोटारीच्या टायरांत १८५ मिलिमीटर रुंदीचा म्हणजे बारीकच म्हणायचा, पण त्यालाही कमीत कमी पाच इंच रुंद रिम लागते. भाच्याच्या गाडीची रिम त्यापेक्षा बरीच अरुंद. टायर चढवायचा तर तो चिमटून बसणार, आणि बसत नाही म्हणून हवा वाढवत गेलं तर कडं तुटून फुटणार. "तुम्ही लडाखला मरा की नका मरू, मी इथेच मरेन," असं तो म्हणाला आणि त्याने कामाला साफ नकार दिला.

पावसाची गोष्ट त्याने सांगितली नाही, ती मी सांगतो. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट. त्याच्यावर मोटारीचं वजन असतं म्हणून तो पाणी दाबून बाजूला सारतो. तोच टायर हलक्या गाडीखाली, कमी हवेवर घातला, की साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागतो. दुचाकीचा गोल टायर होडीच्या नाळेसारखा पाणी कापत जातो. शिवाय मोटारीच्या टायरचं रबर जास्त टिकावं म्हणून कडक केलेलं असतं. जो गुण भाच्याला हवा होता तोच पावसात अवगुण.

अपवाद एकच आहे, साइडकार. 'शोले'मधली ती जोडगाडी आठवा, १९७५ सालची. तशा गाडीला तिसरं चाक असतं, ती कलत नाही, आणि म्हणून तिला मोटारीचा टायर घालणारे जाणकार जगभर आहेत. प्रश्न टायर कोणाचा याचा नाही, गाडी कलते की नाही याचा आहे. न कलणारी आणखी एक गाडी आपल्या दारातच उभी असते. हँडल स्कूटरचं, आसन स्कूटरचं, पण चाकं तीन. रिक्षा.

रिक्षा आणि स्कूटर या सख्ख्या बहिणी. इटलीत व्हेस्पा स्कूटर झाली आणि तिच्यातूनच तीन चाकांची गाडी निघाली. त्या घराण्यातली आठ इंची चाकं दोघींनाही चालत. आजही आपल्या देशात दुचाकी आणि तीनचाकी टायरांचं मानक एकच आहे आणि मोटारींचं वेगळं. त्यामुळे रिक्षाचा टायर स्कूटरला बसवणं यात काही गैर नव्हतं. तो बसायचा. बरोबर मापाचा असायचा.

१९९४ च्या जूनमध्ये तसा एक टायर माझ्या स्कूटरला बसवलेला होता. मी चोवीस वर्षांचा होतो, चिंचणीला राहत होतो आणि माझा पहिला कवितासंग्रह छापायला टाकला होता. प्रकाशक नव्हता, पैसे माझेच. स्कूटरचा मागचा टायर गोटा झाला होता आणि नव्या टायरसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी कागदाला दिले. शेजारच्या रिक्षावाल्याने आपला उतरवलेला टायर मला फुकट दिला. नक्षी चांगली शाबूत होती. पण रिक्षा कधी कललेली नसते. तो टायर मधोमध घासून सपाट झालेला होता आणि दोन्ही बाजूंना त्याला कोपरे आले होते. बरोबर मापाचा टायर, पण झिजून मोटारीसारखा झालेला. सरळ रस्त्यावर मला तो उलट जास्त भक्कम वाटला.

माझी धाकटी बहीण बारावी झाली होती. तिला शिक्षिका व्हायचं होतं. डीएडचा अर्ज ठाण्याला नेऊन द्यायचा शेवटचा दिवस होता. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. आमचं सगळं काही ठाण्याला असायचं. सकाळची शटल पकडायला आम्ही स्कूटरवरून बोईसर स्टेशनकडे निघालो. रात्री पहिला पाऊस पडून गेला होता. केमिकलचे टँकर त्या रस्त्याने जात, त्यांच्या तेलाचे सप्तरंगी डाग ओल्या डांबरावर पसरले होते. डावीकडच्या एका वळणावर मी स्कूटर कलवली. अर्ध्या वळणापर्यंत ती कललीच नाही, आणि मग त्या कोपऱ्यावरून एकदम पलीकडे पडली. मागचं चाक निघून गेलं.

मला खरचटलं. तिचं उजवं मनगट मोडलं. गुणपत्रिकेच्या प्रती रस्त्यावरच्या पाण्यात पडल्या होत्या आणि ती डाव्या हाताने त्या गोळा करत होती. अर्ज गेला नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

रस्त्यावर ऑइल होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. टायरचं मात्र मी कोणालाच सांगितलं नाही, तीस वर्षं.

ही बहीण म्हणजे या भाच्याची आई. पंक्चरवाल्याकडून परतताना भाचा माझ्यापुढे मोठं गणित मांडत होता की आपण रुंद रिम करून घेतली तर काय होईल, आणि मला ते वळण दिसत होतं. मी त्याला कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे, अपघात झाला तर विमा कंपनी आधी टायर बघेल. तो म्हणाला, "मामू, तुम्ही कधीपासून वकील झालात?" बरोबर होतं त्याचं. जी गोष्ट सांगायला हवी होती ती सोडून मी कलमं सांगत होतो.

मग मी त्याला ती सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे कोण बसणार आहे, एवढंच मी त्याला विचारलं.

हे भाषण ध्वनिमुद्रित करण्याआधी बहिणीला सांगणं भाग होतं. तिने हे रेडिओवर ऐकावं अशी हिंमत माझ्यात नव्हती. तिच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"टायरचं मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या रिक्षावाल्याच्या बायकोने त्याच आठवड्यात सांगितलं होतं. बिचारी रडत होती, आमच्यामुळे झालं म्हणून."

मी म्हटलं, मग तू कधी काही बोलली का नाहीस?

"पुस्तक छापून आलं होतं ना," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती छापली होतीस?"

"पाचशे."

"उरलीत का?"

माळ्यावर दोन गठ्ठे आहेत, मी सांगितलं. ती हसली आणि तांदूळ पाखडायला उठली.

भाच्याने कंपनीच्याच मापाचा मोटरसायकलचा टायर घेतला. निम्मे पैसे मी दिले, ते त्याने फार आढेवेढे न घेता घेतले. टायर कधीचा आहे ते बघायला मी त्याला शिकवलं: कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानदाराने आधी दाखवलेला टायर चार वर्षं पडून होता, तो आम्ही परत केला. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवायचे असतात. तेवढ्यासाठी तो दोन दिवस चिंचणी-डहाणू रस्त्यावर फेऱ्या मारत होता. दुसऱ्या दिवशी मागे त्याची आई बसली होती. वळणावर गाडी कलली की ती त्याच्या खांद्यावर चापट मारून "हळू" म्हणायची, आणि तो हळू करायचा.